कॉन्टेसा ट्रॅकवर तापतेय: रेडिएटर मोठा करू की दुखणं दुसरीकडे आहे?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. घरची कॉन्टेसा आता फक्त ट्रॅकसाठी बांधली आहे. मूळचं १.८ इसुझू इंजिन तेल लावून, गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. त्या जागी टोयोटाचं वन-जेझेड बसवलंय: अडीच लिटर, सरळ सहा सिलिंडर, दोन टर्बो. हे इंजिन जपानात २८० पीएस म्हणून विकलं जायचं. आपल्याकडे बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवून साडेतीनशेच्या आसपास आहे.

कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर पहिल्या दोन लॅपला पाण्याच्या तापमानाचा काटा ९० अंशांवर असतो. पुढे दर लॅपला चढत जातो आणि चार-पाच लॅपनंतर ११२ दाखवतो. मग पाय काढून फिरवावी लागते. कुपवाडला शेडमध्ये तासभर आयडलवर चालू ठेवली तर मात्र काही होत नाही, पंखे लागतात-बंद होतात, सगळं नीट.

सध्या दोन रोचा (नळ्यांच्या दोन रांगांचा) ॲल्युमिनियम रेडिएटर आहे, ६०० बाय ४०० मिमीचा. त्याच्या पुढे टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर. मागे बारा इंची दोन इलेक्ट्रिक पंखे. झाकण ०.९ बारचं, कुलंट निम्मं पाणी-निम्मं ग्लायकॉल, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा वॉल) ८२ अंशांचा. वर्कशॉपवाले म्हणतात तीन रोचा जाड रेडिएटर बनवून घ्या. पैसे घालायला ना नाही, पण कारण समजल्याशिवाय घालायचे नाहीत. फार जीव लावून बांधलेली गाडी आहे, हेड वाकवून घ्यायचं नाही. अनुभवी लोकांनी सांगावं.

गियरवर

थर्मोस्टॅट वॉल काढून टाक भावा. आमच्या अख्ख्या मार्केट यार्डातल्या टेम्पोंना वॉल नाही, एक तापत नाही.

हरिपूर

टेम्पो चाळीसनं जातोय रे. ही दीडशेनं जाणार.

कोयनाकाठ

आधी एक मूलभूत प्रश्न. हे कायद्यात बसतं का? इंजिन बदललेली गाडी रस्त्यावर आणली तर?

कृष्णाकाठ

@कोयनाकाठ, रास्त प्रश्न. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, नोंदणीत लिहिलंय त्याच्याशी विसंगत बदल रस्त्यावर चालत नाहीत. म्हणून ही गाडी रस्त्यावर उतरतच नाही. शेडमधून फ्लॅटबेडवर आणि फ्लॅटबेडवरून ट्रॅकवर. हा मुद्दा इथेच थांबवूया, मूळ प्रश्न तापण्याचा आहे.

किर्लोस्करवाडीकर

माझी सगळी नोकरी पंपांत गेली, त्यामुळे थर्मोस्टॅटबद्दल बोलतो. गियरवर, राग मानू नका.

"वॉल काढला की पाणी इतकं जोरात पळतं की रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही" असं काही जण सांगतात, ते खोटं आहे. पाण्याचा वेग वाढला की उष्णता जास्तच निघते, कमी नाही. पण वॉल काढणंही चूकच, आणि त्याची कारणं वेगळी आहेत.

पहिलं म्हणजे बायपास. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली एक चकती असते. वॉल पूर्ण उघडला की ती चकती बायपासची वाट बंद करते. वॉलच काढलात तर ती वाट कायम उघडी. गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून थेट पंपात परत. म्हणजे गार करायला काढला आणि उलट तापवली.

दुसरं कारण माझ्या आवडीचं. थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे पंप ते थर्मोस्टॅट या टप्प्यात, म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या आत, दाब झाकणाच्या दाबापेक्षा जास्त राहतो. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासचा धातू पाण्यापेक्षा कितीतरी तापलेला असतो. दाब कमी पडला की तिथे वाफेचे बुडबुडे धरतात. वाफ उष्णता ओढून घेत नाही, तेवढा डाग तापत जातो आणि मग ठोके (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटणं) सुरू. काट्यावर यातलं काही दिसत नाही, कारण काटा पाण्याचं तापमान सांगतो, धातूचं नाही. (ज्यांच्याकडे थर्मोस्टॅट बाहेर जाणाऱ्या तोंडावर आहे, त्यांना हे जास्त लागू. आत येणाऱ्या बाजूला असेल तर बायपासचा मुद्दा महत्त्वाचा.)

आता पंप. सात हजार आरपीएमला इंपेलरच्या (पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाच्या) तोंडाशी दाब खूप पडतो. पाणी ११० ला असेल तर तेवढ्यावर ते तिथेच उकळू शकतं. त्यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. पंप फिरत राहतो पण पाणी ढकलत नाही, आणि इंपेलरला बारीक खड्डे पडतात. खालचा होज हाताने दाबून बघा. मऊ लागला तर वरच्या आरपीएमला तो आत चिपकतो, त्यात स्प्रिंग हवी. आणि झाकण १.१ बारचं लावा. समुद्रसपाटीला ०.९ बारवर पाणी साधारण ११९ ला उकळतं, १.१ ला साधारण १२२ ला. तीन अंश ऐकायला कमी वाटतात, पंपाच्या तोंडाशी ते फार असतात. मात्र होज, क्लॅम्प आणि रेडिएटरच्या टाक्या तेवढ्या दाबाच्या आहेत ना, ते आधी बघून घ्या.

गियरवर

राग कसला काका. बायपासचं हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मग टेम्पो का नाही तापत?

किर्लोस्करवाडीकर

तापत नाहीत हे बरोबर. पण थंडीत सकाळी तासभर ते नीट गरमही होत नाहीत. डिझेल जास्त खातात, लायनर लवकर झिजतात. नुकसान होतंच, फक्त हळूहळू होतं म्हणून कुणी वॉलशी जोडत नाही.

अजिंक्यतारा

मी साताऱ्यात इंजिनांच्या टेस्ट बेंचवर काम करते. कृष्णाकाठ, काहीही विकत घेण्याआधी दोन सेन्सर लावा. एक रेडिएटरच्या वरच्या होजला, एक खालच्या. हजार-दोन हजारांचं काम आहे आणि तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

आकडेमोड मांडते. साडेतीनशे अश्वशक्ती म्हणजे जवळपास २६० किलोवॅट. लॅपभर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला नसतो, म्हणून पाण्यात जाणारी उष्णता सरासरी १०० किलोवॅट धरू. पंप मिनिटाला १२० लिटर पाणी फिरवत असेल तर वरच्या-खालच्या होजमध्ये फरक यायला हवा साधारण १२ अंश. कुलंट निम्मं असेल तर थोडा जास्त, कारण ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं.

गाडी तापलेली असताना फरक २०-२५ आला तर पाणी कमी फिरतंय: पंप, होज, थर्मोस्टॅट बघा. फरक ५-६ च आला तर पाणी भरपूर फिरतंय पण रेडिएटर उष्णता टाकू शकत नाही. म्हणजे हवा कमी आहे.

हवेचं गणित बहुतेक जण करतच नाहीत. १०० किलोवॅट उष्णता हवेला द्यायची आणि हवा ४० अंशांनी तापू द्यायची, तर सेकंदाला अडीच किलो हवा लागते. आपल्याकडच्या उंचीला आणि उन्हात ती जवळजवळ २.४ घनमीटर भरते. तुमच्या रेडिएटरचं तोंड ०.२४ चौरस मीटर. म्हणजे जाळीतून हवा सेकंदाला १० मीटर वेगाने आरपार जायला हवी. गाडी ताशी १०० ने जात असली तरी जाळीतून जाणारी हवा त्याच्या छोट्या हिश्श्याच्याच वेगाने जाते, बाकीची बाजूने, वरून, खालून निसटते. रेडिएटर जाड केला तर हवेला अडथळा आणखी वाढतो. तीन रोवर पैसे घालायच्या आधी हे तपासा.

तासगावकर

ताईंचा प्रतिसाद जपून ठेवला. हवेचं म्हणाल तर द्राक्षबाग असलेल्या कुणालाही विचारा. ब्लोअरच्या पंख्याची पाती आणि बाहेरची कड यांतली फट वाढली की ट्रॅक्टर तेवढाच घुमतो, पण फवारा वेलीच्या आतल्या पानापर्यंत पोचत नाही. हवा जिथून सोपं तिथून परत फिरते. रेडिएटरच्या कडेला बोटभर फट असेल तरी तेच होत असणार.

जुनी_गाडी

तांत्रिक चर्चा उत्तम चालू आहे, पण मला मनापासून वाईट वाटतंय. कॉन्टेसा १९८४ ते २००२ एवढीच बनली. मूळची ब्रिटनची व्हॉक्सहॉल, उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सने घडवली. आधी ॲम्बेसेडरच्या घराण्यातलं १५०० सीसी इंजिन, ते या गाडीच्या वजनाला पुरत नव्हतं. मग १८०० सीसी इसुझू आलं आणि गाडीला जीव आला. ती जोडी मोडायला नको होती. चांगल्या अवस्थेतल्या किती उरल्या आहेत?

कृष्णाकाठ

@जुनी_गाडी, तुमची कळकळ पोचली. मूळ इंजिन, गियरबॉक्स, कार्ब्युरेटर, अगदी एअर फिल्टरचा डबासुद्धा जपलाय. चेसिसचा एकही तुकडा कायमचा कापलेला नाही, माउंट सगळे नटबोल्टवर आहेत. उद्या पुन्हा मूळ रूपात आणता येईल. पण ही गाडी धावावी असं मला फार वाटतं. नव्वदच्या आतल्या ताकदीवर त्या लांब बॉनेटला कधी न्याय मिळाला नाही.

जुनी_गाडी

माउंट नटबोल्टवर असतील तर माझा विरोध मागे. फोटो टाका.

मिरज_ते_मिशिगन

इकडे अमेरिकेत माझ्याकडे १९६९ ची शेव्हरोले कमारो आहे, ३५० घनइंचांचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन. तिच्या तापण्याशी बराच झगडलोय, म्हणून लिहितो.

मसल कार म्हणजे ताकद असं आपण म्हणतो, पण त्या काळच्या आकड्यांकडे जपून बघा. १९७१ पर्यंत इकडच्या कंपन्या ग्रॉस आकडा छापायच्या: एअर फिल्टर नाही, मफलर नाही, अल्टरनेटर नाही, नुसतं इंजिन स्टँडवर. १९७२ पासून नेट (हे सगळं जोडून मोजलेले) आकडे आले आणि कागदावरची ताकद एकदम घसरली. मूळ रेडिएटर त्या खऱ्या, कमी ताकदीसाठी होता, तोही रस्त्यावरच्या वापरासाठी. सिग्नलवरून एकदा जोरात काढायची, मग आरामात. वीस मिनिटं सलग ताणायची कल्पना त्यात नव्हती. तेव्हा ट्रान्स-ॲम शर्यतीत जे उतरायचे त्यांनी रेडिएटरपासून तेलाच्या टाकीपर्यंत सगळं नव्याने केलं. पाच लिटरची मर्यादा होती म्हणून शेव्हरोलेने ३२७ घनइंची इंजिनाच्या ब्लॉकमध्ये २८३ चा क्रँक घालून ३०२ बनवलं, तेच १९६७ च्या कमारो झी-२८ चं इंजिन. ते इंजिन सात हजारापर्यंत ओरडायचं. तेवढ्या आरपीएमला पंप, तेल, पाणी सगळ्यांचीच परीक्षा.

आता तुमच्या कामाचं. बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून मागची कड उचलायचा प्रकार केला असेल तर काढून टाका. वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो. १९६९ च्या कमारोला काउल इंडक्शन बॉनेट मिळायचं, ते इंजिनासाठी हवा तिथूनच आत घ्यायचं! म्हणजे त्या फटीतून गरम हवा बाहेर जात नाही, उलट बाहेरची आत येते आणि इंजिन बेमध्ये दाब वाढतो. दाब वाढला की रेडिएटरमागून हवा निघणार कुठे? कमी दाब बॉनेटच्या पुढच्या भागात असतो, रेडिएटरच्या लगेच मागे. भोकं पाडायची तर तिथे.

हरिपूर

साताऱ्याच्या निम्म्या गाड्यांना मागं वॉशर आहेत. आज रात्री पान्यांचा आवाज येणार.

अजिंक्यतारा

फक्त साताऱ्याच्या? सांगलीत मी स्वतः बघितलेत. :)

गियरवर

पेढे विरुद्ध भडंग सुरू व्हायच्या आत विषयावर या. कूलंटचं काय? मी बोअरचं पाणी घालतो.

किर्लोस्करवाडीकर

बोअरचं अजिबात नको. आपल्या नदीकाठच्या पट्ट्यात उसाला पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्यात, वाळव्यापासून मिरजेपर्यंत बोअरला क्षार आहेत. तो क्षार हेडच्या सर्वांत गरम जागी बसतो. एक मिलिमीटरचा थरही उष्णता अडवायला पुरेसा. डिस्टिल्ड पाणीच वापरा.

सांगलीत पाणी गोठत नाही, त्यामुळे निम्मं ग्लायकॉल घालायची गरज नाही. कंपनीच्या पत्रकात खालची जी मर्यादा दिली असेल तेवढंच ठेवा, गंज आणि पंपाच्या सीलसाठी. ट्रॅकवर तर बऱ्याच ठिकाणी ग्लायकॉल चालतच नाही, सांडलं की टायर सरकतात. तिथे डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक.

कृष्णाकाठ

सेन्सर लावले, ट्रॅकवर जाऊन आलो. सगळ्यांनी सांगितलेलं वाचूनच कामाला लागलो होतो. आकडे देतो.

गाडी ११२ ला असताना वरचा होज ११२, खालचा १०६. फरक सहा. अजिंक्यताराताई, तुम्ही म्हणालात तेच निघालं, पाणी फिरतंय, हवा नाही. तिसरा सेन्सर मी हौसेने इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधे टांगला होता. बाहेर ३४ अंश, तिथे ६२! म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली.

काकांना आवडेल असं एक काम केलं. पारदर्शक नळी यू आकारात पट्टीवर बसवली, त्यात रंगीत पाणी. एक टोक गाडीच्या आत मोकळं ठेवलं, दुसऱ्याला लांब बारीक नळी जोडून ती बॉनेटवर वेगवेगळ्या जागी टेपने चिकटवली. शेजारी बसलेला मित्र मोबाइलवर शूटिंग करत होता. ताशी १०० ला वाऱ्याचा पूर्ण दाबसुद्धा जेमतेम ४५ मिलिमीटर पाण्याएवढा असतो, त्यामुळे एकेक मिलिमीटर मोलाचा. ग्रिलच्या मागे चांगला दाब. रेडिएटरच्या मागे, इंजिन बेमध्ये, जवळजवळ तेवढाच दाब! पुढे-मागे दाब सारखा तर हवा जाळीतून जाईल कशाला? काचेच्या पायथ्याशी पाणी चढलं, बॉनेटच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात ते उलट बाजूला गेलं. मिशिगनवाल्यांनी लिहिलं होतं ते पट्टीवर डोळ्यांनी दिसलं.

किर्लोस्करवाडीकर

वा! मॅनोमीटर लावणारा माणूस भेटला की दिवस चांगला जातो. आतलं मोकळं टोक काचा बंद ठेवून होतं की उघड्या? केबिनमधला दाबही बदलतो, म्हणून विचारतो.

कृष्णाकाठ

काचा बंद, सगळी मापं सारख्याच स्थितीत. त्यामुळे जागा-जागांमधला फरक तरी खरा आहे.

मिरज_ते_मिशिगन

सुंदर काम. आता चार गोष्टी करा. ग्रिलपासून रेडिएटरच्या कडेपर्यंत बंद डक्ट, फट दिसली की फोम पट्टी. इंटरकूलर शक्य तितका खाली सरकवा, म्हणजे रेडिएटरच्या वरच्या भागाला ताजी हवा मिळेल. पंख्यांच्या श्राउडने (पंख्यांभोवतीच्या पत्र्याच्या आवरणाने) बरीच जाळी झाकलेली असते, वेगात तीच अडवते. तिथे झडपा कापून रबराच्या पट्ट्या लावा, वेगात उघडतील आणि थांबल्यावर चिकटतील. आणि बॉनेटला पुढे लूव्हर (हवा बाहेर सोडणाऱ्या तिरक्या फटी).

जुनी_गाडी

बॉनेटला भोकं??

कृष्णाकाठ

मूळ बॉनेट काढून ठेवलंय. दुसरं एक भंगारातून मिळालं, त्यालाच कापणार.

तासगावकर

तेलाचं कुणी बोललंच नाही. पाणी ११२ होतं तेव्हा तेल किती?

अजिंक्यतारा

अगदी बरोबर प्रश्न. पिस्टनच्या खालची बाजू, बेअरिंगा आणि टर्बो तेलावरच गार होतात. ट्रॅकवर ११० ते १२० ठीक, सलग १३० च्या वर जाऊ देऊ नका. ऑइल कूलर लावलात तर त्याला स्वतःचा थर्मोस्टॅट हवा आणि स्वतःची हवा हवी. रेडिएटरच्या पुढे अडकवलात तर पुन्हा तेच दुखणं. शिवाय लांब वळणात सम्पमधलं (इंजिनाखालच्या तेलाच्या कुंडीतलं) तेल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. सम्पमध्ये बॅफल (तेल अडवणारे आडवे पत्रे) आहेत का? तेलाच्या दाबाचा दिवा डोळ्यांसमोर ठेवा, पाण्याचा काटा नंतर. पाणी तापलं तर वेळ मिळतो, तेलाचा दाब गेला तर नाही.

कृष्णाकाठ

तेल १२८ होतं. बॅफल आहेत, दाब कुठे पडला नाही. कूलर पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात, वेगळ्या डक्टसह बसवतोय.

गियरवर

काय झालं पुढं? धागा थंड पडला.

हरिपूर

धागा थंड पडला म्हणजे डक्ट चाललं म्हणायचं.

कृष्णाकाठ

चाललं. रेडिएटर तोच, पंखे तेच, पंप तोच. डक्ट बंद केलं, इंटरकूलर हातभर खाली आणला, श्राउडला झडपा केल्या, बॉनेटच्या पुढच्या भागात लूव्हर, झाकण १.१ बारचं. बाहेर ३५ अंश असताना सलग पूर्ण सेशन चालवली. पाणी ९८ ला जाऊन थांबलं आणि तिथेच राहिलं. होजमधला फरक आता ११. तेल ११६. तीन रोचे पैसे ब्रेकसाठी वाचले, आणि ब्रेकला त्यांची गरज आहेच. आता गाडी पूर्ण वेगात सलग चालते म्हटल्यावर पेडल मऊ पडायला लागलंय.

अजिंक्यतारा

फरक सहावरून अकरा झाला, म्हणजे तेवढ्याच पाण्यातून जवळपास दुप्पट उष्णता बाहेर पडतेय. अभिनंदन! ब्रेकमध्ये डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल असेल तर बदला. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५, डॉट ४ चा २३०, डॉट ५.१ चा २६०. पाणी शोषलं की हे सगळे आकडे खूप खाली येतात, म्हणून प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी नवं भरा. सेशन संपवताना एक लॅप ब्रेक न लावता हळू फिरवा, आणि पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका.

किर्लोस्करवाडीकर

त्या हळू लॅपचा टर्बोलाही फायदा. आल्या-आल्या इंजिन बंद केलं की पंप थांबतो आणि हेडमधलं पाणी जागच्या जागी उकळतं.

तासगावकर

माझ्या भाच्याकडे जुनी गाडी आहे, तोही डक्ट करणार म्हणतोय. पत्रा किती जाडीचा घेतलात? साचा ठेवलाय का?

कृष्णाकाठ

दीड मिमीचा ॲल्युमिनियम पत्रा. आधी पुठ्ठ्याचा साचा केला, मग पत्रा कापला. साचा शेडमध्ये आहे, भाच्याला पाठवा, घेऊन जाऊ दे. फक्त इंजिन माउंटवर हलतं हे लक्षात ठेवून डक्टची कड रेडिएटरला घट्ट रिव्हेट करू नका. पंधरा मिमी फट सोडून त्यात दाराचं रबर बसवा, नाहीतर पत्रा घासून जाळी फुटते. पंख्याच्या वायरीपण त्याच बाजूने येतात, त्यांना आधी वळवून घ्या.